एकटीनंच बघायचा सिनेमा

“तुम्ही सगळे एकदम घराबाहेर कधी जाणार?”

दमयंतीने हे विचारलं तेव्हा आईचा आमटीचा डाव पातेल्यातून निघाला होता आणि बाबांच्या ताटात पोचायचा होता. तो वाटेतच थांबला. बाबांनी तोंडातला घास गिळावा की नाही याचा विचार केला. भिंतीला टेकून भात कालवत बसलेल्या सोनूबाईंनी, म्हणजे आजीने, चष्म्याच्या वरून नातीकडे पाहिलं.

“आमी खंय जातलंव गो? मसणात?”

“तसं नाही आजी. थोडा वेळ. कुठंही.”

प्रश्न खरं तर दमयंतीचा नव्हताच. तो अमावास्या क्लबाचा होता. ‘विचारून दाखव हिंमत असेल तर’ असं क्लबाने सकाळपासून तिला डिवचलं होतं, आणि हल्ली कोणी हिंमतीचं नाव काढलेलं दमयंतीला खपत नसे. यातला ‘हल्ली’ महत्त्वाचा. गेल्या सहामाहीपर्यंत ही मुलगी अशी होती की वर्गात हजेरी चालू असताना तिच्या वतीने शेजारची मुलगी ‘प्रेझेंट’ म्हणायची. मग एके दिवशी भयपटांच्या एका ऑनलाइन पानाखाली, भुताने दार वाजवून आत यावं की न वाजवता, यावर तिचं काही अनोळखी पोरापोरींशी कडाक्याचं भांडण झालं. भांडणातून मैत्री झाली, मैत्रीतून क्लब झाला आणि क्लबाची ॲडमिन झाली दमयंती. यातल्या कुणी कुणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. पण दमयंती बोलेल ते तिथे होत असे. शाळेत, चाळीत आणि घरात तिने सांगितलेलं आजवर काहीच झालं नव्हतं, त्यामुळे हे पद तिला जिवापलीकडचं होतं.

आता या क्लबाने मोसमी देवाणघेवाण काढली होती. माटुंग्याच्या हेरंबने सुचवलं होतं की परदेशात ऑक्टोबर सरताना भुतांचा सण असतो, तेव्हा मित्रमंडळी एकमेकांना भयपट भेट देतात, आपणही करू. दमयंतीने तिथल्या तिथे त्याला गप्प केलं. आपल्याकडे मेलेल्या माणसांचा अख्खा पंधरवडा असताना दुसऱ्याचा एक दिवसाचा सण उसना कशाला घ्यायचा? झालं, मुहूर्त ठरला पितृपक्ष. नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी एक सिनेमा निवडायचा, आणि त्याने तो सर्वपित्रीच्या आत बघायचा. कसा बघायचा याचे नियम ॲडमिनने केले होते. एकट्याने. काळोखात. आणि पुरावा म्हणून, सगळ्यात भीतीच्या जागी स्वतःच्या तोंडाचा व्हिडिओ काढून तो क्लबात टाकायचा.

नियम किती कडक होते ते हेरंबला विचारा. त्याच्या पुराव्यात सोफ्याच्या कडेला त्याच्या मांजराचं शेपूट दिसलं आणि दमयंतीने त्याला यंदाच्या देवाणघेवाणीतून बाद केलं. मांजर झोपलेलं होतं, असं तो परोपरीने सांगत होता. ‘झोपलेली सोबत पण सोबतच,’ दमयंतीने लिहिलं आणि वर एक कवटी चिकटवली.

आणि मग तिची स्वतःची पाळी आली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण राहतो लालबागला.

लालबागच्या चाळीत माणूस एकटा असतो तो फोटोला हार घातल्यावर. एरवी खोलीत आई, बाबा, आजी, दाराबाहेर गॅलरी, गॅलरीत शेजारच्या कमलाबाई, ज्यांना आपल्या खोलीपेक्षा दुसऱ्यांच्या खोलीतलं जास्त नीट दिसायचं. काळोखाचा तर प्रश्नच नव्हता. गॅलरीतली ट्यूब रात्रभर जळायची आणि खिडकीसमोर कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक विजेच्या माळांसकट चमकायचा. नियम मोडावा तर हेरंब टपून बसलेला. क्लबातल्या कोल्हापूरच्या मुलीने, कादंबरीने, तर दमयंतीसाठी सिनेमाही निवडून ठेवला होता: थायलंडचा, कपाटात राहणाऱ्या एका नवरीचा. वर लिहिलं होतं, ‘भावा, हा जर तू एकटीनं बघितलास तर मी तुझ्या पाया पडायला लालबागला येते.’ कादंबरी मुलींनाही भावाच म्हणायची.

म्हणून तो प्रश्न. उत्तर म्हणून आईने नुसती आमटी वाढली, जरा जास्तच.

इथे प्रकरण मिटलंही असतं. पण फ्रिजवर चार्जिंगला लावलेल्या दमयंतीच्या फोनचा पडदा नेमका आई भांडी आवरत असताना उजळला. हेरंब विचारत होता, ‘विचारलंस का? घर रिकामं कधी मिळतंय?’

आईचं नाव लक्ष्मी, पण त्या क्षणी तिचा अवतार दुसऱ्या कुठल्या तरी देवीचा होता. तिने मोरीत पाणी सोडून, त्या आवाजाच्या आडोशाने बाबांना सगळं सांगितलं. बाबांचं म्हणणं पडलं की सरळ पोरीला विचारून टाकावं. बाबा, म्हणजे जयवंतराव, लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत लिफ्टची देखभाल करत, आणि बिघाड कुठे आहे ते बटण दाबून पाहिल्याशिवाय बोलू नये असा त्यांचा धंद्याचा शिरस्ता होता. आई म्हणाली, विचारल्यावर कोण सांगतं, रंगेहाथ पकडायला पाहिजे. दमयंतीला हे सगळं पुढे कळलं. त्या दिवशी तिला एवढंच दिसलं की आई एकाएकी फार गोड बोलायला लागली आहे.

“रविवारी दुपारी आम्ही दादरला शांतीआत्याकडे जातोय,” आई म्हणाली. “तुझा अभ्यास असेल ना? तू थांब हो घरी.”

एरवी आत्याकडे जायचं म्हटलं की तापातसुद्धा सुटका नसे. दुसऱ्या कुणाला संशय आला असता. दमयंतीला आनंद झाला. उरली होती आजी. पण आत्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आजीचे गुडघे तिथला जिना म्हटला की दुखायला लागायचे; तेव्हा आपण देवळात भजनाला जाऊन बसतो असं तिने आपणहूनच सांगितलं. दमयंतीने क्लबाला लिहिलं: रविवार. दुपारी. घर माझं.

गणपती नुकतेच गेले होते आणि अख्खं लालबाग दमून पडलं होतं. खाली मंडपाचे बांबू उतरत होते. आई-बाबा नाक्यावरून वळेपर्यंत दमयंती गॅलरीत उभी राहिली. आजी तर जेवण आटोपताच बाहेर पडली असणार, कारण तिच्या चपला दाराशी नव्हत्या. मग दमयंतीने दाराला कडी घातली, खिडकीवर आईची सोलापुरी चादर ताणून बसवली, झरोक्यात वर्तमानपत्र कोंबलं, फ्रिजवरच्या स्टॅबिलायझरचा लाल दिवासुद्धा टिकली लावून झाकला. असा काळोख झाला की काय सांगावं. गिरण्यांच्या संपाच्या वर्षी बिल थकलं म्हणून वीज कापली होती, तेव्हाही खोलीत एवढा काळोख नव्हता, असं पुढे आजीने सांगितलं.

बाबांच्या ऑफिसने मोडीत काढलेला लॅपटॉप तिने पिंपावर ठेवला आणि समोर मांडी घालून बसली. सिनेमा सुरू झाला. एक घर, एक कपाट, एक नवीन सून. सून कपाट उघडते, आत काही नसतं. परत उघडते, काही नसतं. दमयंतीला लवकरच घाम फुटला. कुठून तरी कुरकुर असा आवाज आला. पोटमाळ्यावर उंदीर असतात, हे तिला माहीत होतं. मग मशेरीचा भपकारा आला. एकदा तर डोक्यावरच कुणीतरी ‘च्यक्’ केल्यासारखं वाटलं. सिनेमा काय जबरदस्त केलाय, दमयंतीला वाटलं, वाससुद्धा येतोय.

शेवटी ती जागा आली. सून झोपलेली असते, कपाटाचं दार आपोआप उघडतं आणि बांगड्यांनी भरलेला हात बाहेर येतो. दमयंतीने फोन समोर धरला, स्वतःचा चेहरा घेतला, मधेच ‘अगं आई गं’ असं म्हणाली, आणि न बघताच व्हिडिओ क्लबात टाकून दिला. झालं. एकटीने, काळोखात, पुराव्यासकट. छाती फुगवून ती वाहवा यायची वाट बघू लागली.

वाहवा आली नाही. मग कादंबरीचे मेसेज एकामागून एक आले.

‘भावा.’

‘मागं बघू नको.’

‘वर कोण आहे?’

दमयंतीने व्हिडिओ लावून पाहिला. पडद्याच्या निळ्या उजेडात तिचा स्वतःचा चेहरा होता, डोळे विस्फारलेले. आणि तिच्या खांद्याच्या वर, पोटमाळ्याच्या कडेवरून, एक दुसरा चेहरा उलटा लोंबत होता. पांढरे केस मोकळे सुटून खाली आलेले, गाल आत गेलेले, तोंड उघडं आणि तोंडात एकही दात नाही. तो चेहरा दमयंतीकडे नव्हता बघत. तो सिनेमा बघत होता.

दाराची कडी तिने कशी काढली ते तिला आजही सांगता येत नाही. ती गॅलरीतून धावत सुटली आणि जे पहिलं दार उघडं दिसलं त्यात घुसली. ते कमलाबाईंचं होतं. आत दाराच्या फटीशी खुर्च्या टाकून, बशीतून चहा पीत, दादरला गेलेले आई-बाबा बसले होते. कमलाबाई त्यांना शंकरपाळे देत होत्या.

एरवी दमयंतीने याचा जाब विचारला असता. पण आत्ता तिला श्वासच पुरत नव्हता. “घरात... घरात कोणतरी आहे,” ती कशीबशी म्हणाली.

“माहितेय मला,” आई उठलीच. “कुठाय?”

“पोटमाळ्यावर.”

“बघा,” आई बाबांकडे वळली. “पोटमाळ्यावर लपवलाय.”

“कुणाला लपवलाय? अगं, ती माझ्या मागे होती.”

“ती?” बाबा म्हणाले.

दमयंतीने फोन पुढे केला. बाबांनी व्हिडिओ पाहिला, पुन्हा पाहिला, फोन उलटा धरून तो चेहरा सुलटा करून पाहिला आणि त्यांच्या हातातली बशी खाली आली. “ही तर बयो,” ते म्हणाले.

बयो म्हणजे आजीची आई. संप लांबला, आजोबांचा पगार थांबला आणि आजीने घरात खानावळ घातली, तेव्हा हाताखाली कुणी हवं म्हणून बयो देवगडहून इथे आली होती. पुढची सगळी वर्षं ती याच खोलीत भाकऱ्या थापत राहिली आणि निजायची पोटमाळ्यावर. गेली तीही इथेच. बाबांनी लहानपणी तिला असंच वरून वाकून बघताना पाहिलं होतं. “अगदी तेच गाल,” ते पुटपुटले. “आणि आपण दरसाल माझ्या बाबांचं पान वाढतो, हिचं कधी वाढलंच नाही.”

कमलाबाईंनी हे ऐकलं, म्हणजे चाळीने ऐकलं. बघता बघता गॅलरी भरली. कुणी मीठ-मिरच्या आणल्या, कुणी नारळ. कमलाबाईंचे यजमान गणपतराव शिमग्याला गावी देवाला गाऱ्हाणं घालायचे, त्यांना झोपेतून उठवून, टोपी घालून पुढे करण्यात आलं. अशी ही वरात खोलीच्या दाराशी पोचली आणि बाबांनी, दुसरं कुणी ढकलेना म्हणून, दार ढकललं.

आत खाटेवर आजी बसली होती. केस मोकळे, हात मांडीवर, तोंड घट्ट मिटलेलं.

“मी दाराच्या फटीतून नजर काढली नाही हो,” कमलाबाई हळूच म्हणाल्या. “या देवळातून आल्या कधी आणि आत गेल्या कधी?”

बाबांनी विचारलं, आई, तू कधी आलीस? आजीने मान हलवली. बरं वाटत नाही का? आजीने मान हलवली. आत काही दिसलं का? आजीने पुन्हा तशीच मान हलवली, आणि आता मात्र सगळ्यांची तंतरली. कारण सोनूबाई न बोलता राहिल्या, असं त्या चाळीत कुणी पाहिलं नव्हतं. ही बाई झोपेतसुद्धा नळावरच्या भांडणातलं राहिलेलं बोलून घ्यायची. ती तोंड मिटून बसली आहे, याचा अर्थ एकच. अंगात आलंय, कमलाबाईंनी निदान केलं, आणि आईने घाईघाईने आजीच्या पायांवर डोकं ठेवलं. लग्नानंतर पहिल्यांदाच, असं बाबांनी नंतर मोजून सांगितलं.

गणपतरावांनी टोपी सारखी केली, नारळ हातात घेतला आणि खड्या आवाजात सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरांच्या घरात जी कोण बाय माळ्यार येवन बसली आसा...”

“व्हय म्हाराजा,” गॅलरी म्हणाली.

“तिचां काय मागणां आसात तां तिना सांगूचां, आणि इल्या वाटेन माघारी जावचां, रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

बयो काही सांगेना. आजी भिंतीकडे बघत राहिली. तेव्हा गणपतरावांनी ठरवलं की वर जाऊन ती आहे की गेली ते कुणीतरी बघायला हवं. यावर पुरुषमंडळींना एकेक कामं आठवली. कुणाच्या नळाला पाणी यायचं होतं, कुणाची कंबर धरली होती. बाबा शिडीपर्यंत गेले आणि शिडी पक्की आहे का ते तपासत बसले.

“मी जाते,” दमयंती म्हणाली.

म्हणाली खरी, आणि स्वतःच चपापली. पण क्लबाचे मेसेज फोनमध्ये धडाधडा येत होते, आणि अमावास्या क्लबाची ॲडमिन शिडीच्या खाली उभी राहिली असं कुणी म्हणायला नको होतं. ती चढली. वरती बॅटरीच्या उजेडात पापडाचे डबे दिसले, गणपतीच्या मखराचे तुकडे दिसले. आणि अगदी कडेशी एक उशी, उशीशेजारी आजीच्या चपला, मशेरीची डबी आणि स्टीलची वाटी. वाटीत पाणी होतं. पाण्यात दात हसत होते.

दमयंती ते दात बघत राहिली. मग हळूच कडेवरून खाली पाहिलं, जिथून तो चेहरा लोंबत होता तिथूनच. खाली सगळी चाळ श्वास रोखून वर बघत होती आणि त्या सगळ्यांच्या मधे आजीचे डोळे. असे डोळे दमयंतीने वर्गात पाहिले होते, बाई प्रश्न विचारतात आणि बाकाखाली चिंच असते तेव्हाचे. आता एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोललं की गुडघ्याचं दुखणं सांगून गेली कित्येक वर्षं आत्याचा जिना टाळणारी आजी चाळीसमोर उघडी पडणार होती. आणि दमयंती एकटीने सिनेमा बघितला नाही, हेही उघडं होणार होतं. मांजराच्या शेपटावरून पोराला बाद करणाऱ्या ॲडमिनच्या डोक्यावर अख्खी आजी होती. ती पण जागी.

“काही नाही इथे,” ती वरून म्हणाली. “उंदीर आहेत.”

खाली येऊन तिने आजीला पाणी द्यायचं निमित्त केलं, कपड्यांत दडवून आणलेल्या चपला खाटेखाली सारल्या आणि आजीच्या पदराआड दातांची मूठ मोकळी केली. आजी भिंतीकडे वळली. एक बारीकसा ‘खट’ आवाज झाला. मग ती सावकाश फिरली आणि गॅलरीवर नजर टाकून बोलली.

“गेली बिचारी.”

सुटकेचा केवढा तरी उसासा पडला. कमलाबाईंनी विचारलं, पण तिला हवं काय होतं?

आजीने डोळे मिटले. पितृपक्ष लागल्यापासून सुनेने घरात मासळी येऊ दिली नव्हती. “बांगडो,” आजी खोल आवाजात म्हणाली. “तिकला करून.”

बाबा पिशवी घेऊन तसेच मासळी बाजारात गेले.

गर्दी पांगल्यावर दमयंती आजीला घेऊन गॅलरीच्या टोकाला गेली आणि तिने कमरेवर हात ठेवले. तू माझ्यावर पहारा ठेवत होतीस, असं ती म्हणाली तेव्हा आजीला खरोखर राग आला.

“तुझ्या आवशीक वाटला, चेडू बिघडला. माका नाय वाटला. पण उद्या ती काय बोलली असती, तर तुझ्या वतीन सांगूक कोणतरी डोळ्यांनी बघितलेला होया ना गो? म्हणान चढलंय मी, ह्या गुडघ्यांनी.” मग म्हणाली, “शिनेमा पण बरो होतो. फकत ती नवरी खोटी. इतकी वर्सां कपाटात, आणि साडयेक कसर नाय लागली?”

दमयंतीला आजीचा मुका घ्यावासा वाटला. घेतलाही. मग तिने फोन उघडला आणि तिचं तोंड उतरलं.

क्लब कोसळत होता. व्हिडिओ बघून दोघं जण घाबरून निघून गेली होती. कादंबरीच्या आईने तिच्या फोनला अंगारा लावला होता आणि तो देवघरात ठेवायला नेणार होती. ज्यांचे सिनेमे बघायचे राहिले होते त्यांनी, पितृपक्षात हे असलं नकोच, असं लिहून माफी मागितली होती. बाद झालेला हेरंब तेवढा ठाण मांडून होता. ‘तू ठीक आहेस ना?’ त्याने विचारलं होतं. ‘मी माझ्या शेपटावरून भांडलो त्याबद्दल सॉरी. तू खरंच एकटी होतीस. तुझ्यासारखं कोणी नाही.’

गप्प राहिलं तर दमयंती क्लबाची दंतकथा होणार होती, पण तिथे क्लबच उरणार नव्हता. खरं सांगितलं तर क्लब वाचणार होता पण देवाणघेवाणीत दमयंती नसणार होती. तिने आजीला सगळं समजावून सांगितलं: देवाणघेवाण, चिठ्ठ्या, शेपूट आणि तिने स्वतःच केलेला तो नियम. आजीने नीट ऐकून घेतलं. नंतर गॅलरीत इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला.

“थय सांग. हय नको. हय बांगडे शिजतत.”

म्हणून दमयंतीने आपल्या आवाजात मेसेज पाठवला. भूत नव्हतं, आजी होती. दात वाटीत होते. झोपलेली सोबत पण सोबतच असते, आणि माझी तर जागी होती. तेव्हा मी बाद. सिनेमे बघायचे थांबवू नका. शेवटी तिचा आवाज जरा कापला, पण तिने तो पुसून पुन्हा रेकॉर्ड केला नाही. आणि त्या नवरीच्या साडीला कसर कशी नाही, हा आजीचा प्रश्नही तिने जाता जाता पुढे पाठवला.

मग कादंबरीचा हसण्याचा एक लांबलचक आवाज आला, देवघरातून. त्यामागून बाकीचे. गेलेली दोघं परत आली, कारण त्यांना आजीचे आणखी प्रश्न ऐकायचे होते. आजीने फोन तोंडाशी पाव खाल्ल्यासारखा धरून सांगितलं की त्या सासूचं वागणं तिला पहिल्यापासून संशयाचं वाटलं होतं. हेरंबने नियम वाचून दाखवला: सभासद बाद झाला तर त्याच्या जागी दुसरा घेता येतो. मतं पडली. दमयंती बाद, एकमताने. तिच्या जागी सोनूबाई, एकमताने. मग कादंबरीच्या सूचनेवरून तिसरं मतदान झालं आणि ॲडमिनसुद्धा बदलली. दमयंतीने स्वतःच्या हाताने आपलं पद आजीच्या नावावर केलं, आणि नवल म्हणजे तिला वाटलं होतं तेवढं काही ते दुखलं नाही.

संध्याकाळी जेवायला बांगड्याचं तिकलं, म्हणजे झणझणीत कालवण, होतं. एक पान बयोसाठी वेगळं वाढलं होतं आणि आजी आपलं पान मन लावून साफ करत होती. आई दमयंतीच्या फोनकडे बघत होती. दुपारच्या गोंधळात तिचा मूळ प्रश्न तसाच राहून गेला होता, आणि आई काही विसरणाऱ्यातली नव्हती.

“आता तरी सांगणार आहेस का, हा हेरंब कोण?”

दमयंतीने हात धुतला, पुसला आणि ती उभी राहिली. वर्गात उत्तर द्यायला उभं राहतात तशी, पण कुणी शेजारच्या मुलीने न ढकलता.

“मी ठरवलंय ते सांगते, मग काय बोलायचं ते बोला,” ती म्हणाली. “येत्या रविवारी आजीला एक सिनेमा बघायचाय. तिच्या क्लबाचा नियम आहे, घरात दुसरं कोणी चालत नाही. तेव्हा दुपारी आपण तिघं बाहेर जाणार आहोत.”

बाबांनी आजीकडे पाहिलं. आजी काटा काढत होती.

“कुठं जायचं?” आई म्हणाली. “आणि कमलाबाईंकडे नाही हं, त्यांना मी आता तोंड दाखवू शकत नाही.”

“माटुंग्याला,” दमयंती म्हणाली. “हेरंबच्या घरी. त्याच्या आईनं जेवायला बोलावलंय, आणि मी हो म्हणून टाकलंय.”